तबकडीमागील विश्वास

तबकडी हातीं घेतांना गायकाचें नांव वाचलें जातें. ती काढणाऱ्या संस्थेकडे लक्ष क्वचितच जातें. परंतु कोणता आवाज पुढील पिढीस ऐकूं यावा, याचा निर्णय पुष्कळदा तीच करीत असते.

मुंबईंत १९३५ सालीं निघालेली ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ हें याचें उत्तम उदाहरण होय. ‘यंग इंडिया’ ही तिची मुद्रा. नामांकित गवई बहुधा बड्या विलायती कंपनीशीं करारानें बांधलेले. म्हणून या स्वदेशी संस्थेनें नवख्या व हौशी कलावंतांना पाचारण केलें. मेणावर मूळ मुद्रण, त्यावरून धातूचा सांचा, आणि तो लाखेच्या लगद्यावर दाबून तबकडी, असा हा उद्योग. सांच्याचा खर्च आरंभींच होई. तो भरून निघण्यास पुष्कळ प्रती खपाव्या लागत. म्हणजे प्रत्येक अपरिचित गळा हा एक जुगारच! १९५५ च्या सुमारास कंपनी बंद पडली.

स्थळकाळ बदलला तरी ही अडचण बदलत नाहीं. कॅलिफोर्नियांत १९८७ मध्यें ‘लुकआउट’ ही अशीच लहान संस्था निघाली. पॉप पंक या वेगवान, परंतु गोड चालींच्या संगीतांतील ‘ग्रीन डे’ हा वाद्यवृंद तेव्हां अप्रसिद्ध होता. त्याचा पहिला गीतसंग्रह तिनें १९९० मध्यें काढला. पुढें त्या मंडळींनीं जगभर कीर्ति मिळविली. परंतु त्यांचें मानधन थकलें, २००५ मध्यें त्यांनीं आपलीं मुद्रणें परत घेतलीं, आणि २०१२ मध्यें संस्था संपली.

नवख्यावरील विश्वास हें अशा संस्थेचें भांडवल खरें. पण तें टिकतें हिशेबाच्या चोख वहीनेंच.