स्वप्नांच्या मुळ्या आणि बाजाराचा हिशेब

जी वस्तू पूर्वी विकली जात नव्हती ती विक्रीस येते, तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय विकले गेले याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पिण्याचे पाणी बाटलीत आले तेव्हा तो फारसा मांडला गेला नाही. आता पाळी स्वप्नांची आहे. झोपण्यापूर्वी घेतल्यास स्वप्ने अधिक ठळक पडतात, इतकेच नव्हे तर स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान येते, अशी ग्वाही देऊन काही वनस्पतींची पाने, मुळ्या आणि गोळ्या पाश्चात्त्य देशांत विकल्या जात आहेत. अशा ‘सभान स्वप्ना’त मनुष्याला हवे तसे वागता येते, असे आमिषही जोडीला असते. हा सारा प्रकार खूळ म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु ते योग्य होणार नाही. कारण या वनस्पतींमागे जुन्या समाजांचे ज्ञान आहे, त्यांतील काहींच्या परिणामास प्रयोगांचा आधार आहे आणि या व्यवहारात नफा एकाचा व तोटा दुसऱ्याचा असाही प्रकार आहे.

मूळचा आचार

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील खोसा समाजात सायलीन प्रजातीच्या एका रोपाची मुळी प्रसिद्ध आहे. तिच्या खोसा नावाचा अर्थ ‘पांढऱ्या वाटा’ असा होतो. आपल्याकडील देवऋषाशी काहीसे साम्य असणाऱ्या तेथील भगताला दीक्षा घेताना ही मुळी दिली जाते. ती कुटून पाण्यात घुसळतात आणि वर येणारा फेस उपाशीपोटी गिळतात. त्यानंतर पडणाऱ्या स्वप्नांत पूर्वज येऊन मार्ग दाखवितात, अशी श्रद्धा आहे. पडलेले स्वप्न गुरूला सांगावे लागते आणि त्याचा अर्थ जाणत्यांसमवेत लावला जातो. स्वप्नावर हुकूम चालविणे हा तेथे हेतूच नाही. स्वप्नाचे ऐकणे हा हेतू आहे.

मेक्सिकोच्या वाहाका राज्यातील चोंटाल लोकांत सूर्यफुलाच्या कुळातील एका झुडपाचा असाच उपयोग केला जात असे. नाहुआट्ल भाषेत त्याचे नाव ‘कडू गवत’ अशा अर्थाचे आहे आणि त्याचा कडवटपणा खरोखरच असह्य असतो. वाळल्या पानांचा काढा प्यावयाचा, त्याच पानांची विडी ओढावयाची आणि शांत जागी पडून राहावयाचे, अशी ती रीत. आजाराचे कारण कोणते, यासारख्या प्रश्नांचे उत्तर वैदू या स्वप्नांतून शोधीत असे. वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकांत याची नोंद 1968 मध्ये झाली.

स्वप्नांचा गंभीरपणे विचार करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले असे जे स्वप्नात दिसते ते निष्फळ समजावे, असे तेथे बजावले आहे. स्वप्नाला महत्त्व देणारे आणि तरीही त्यातील बहुतांश भाग बाजूस सारणारे हे शास्त्र आजच्या विक्रेत्याच्या उत्साहापेक्षा अधिक सावध होते, असे म्हणावयास हरकत नाही.

विज्ञान काय सांगते?

स्वप्ने प्रामुख्याने झोपेच्या ज्या अवस्थेत पडतात, त्या अवस्थेत बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात. ही अवस्था 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी प्रकाशात आणली. सभान स्वप्न ही केवळ कल्पना नाही, हेही पुढे सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी 1975 मध्ये आणि अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत, झोपलेल्या माणसाने स्वप्नातूनच डोळ्यांच्या ठरावीक हालचालींनी दिलेली खूण यंत्रावर नोंदविली.

वनस्पतींच्या बाबतीत मेक्सिकोतील संशोधकांनी ‘कडू गवता’ची परीक्षा घेऊन 1986 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्क घेतलेल्या व्यक्तींनी अधिक स्वप्ने सांगितली हे खरे. परंतु त्यांची झोप अधिक उथळ झाली होती आणि त्या अधिक वेळा जाग्या झाल्या होत्या. म्हणजे स्वप्नांची श्रीमंती ही काही अंशी मोडलेल्या झोपेची किंमत होती. अलीकडे या वनस्पतीचा अर्क मानवी मूत्रपिंडाच्या पेशींना प्रयोगशाळेत घातक ठरल्याचेही आढळले आहे.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो गॅलँटामाइन या द्रव्याचा. स्नोड्रॉप व डॅफोडिल यांच्या कंदांत ते सापडते. बल्गेरियात 1950 नंतरच्या दशकात त्याचे औषध झाले आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी अमेरिकेने त्याला 2001 मध्ये मान्यता दिली. मेंदूतील ॲसिटिलकोलीन हे द्रव्य ते टिकवून धरते आणि स्वप्नावस्थेत याच द्रव्याचा मोठा वाटा असतो. लाबर्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 121 जण सहभागी होते. साडेचार तास झोपून उठावयाचे, गोळी घ्यावयाची, अर्धा तास जागे राहावयाचे आणि स्वप्नात भान ठेवण्याचा संकल्प करून पुन्हा झोपावयाचे, असा क्रम होता. 8 मिलिग्रॅम घेतल्यावर 42 टक्के व्यक्तींना सभान स्वप्न पडले, 4 मिलिग्रॅम घेतल्यावर 27 टक्क्यांना आणि औषध नसलेली गोळी घेतल्यावर 14 टक्क्यांना.

या आकड्यांकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले पाहिजे. ज्यांना औषध मिळाले नाही, त्यांतही 14 टक्क्यांना यश आले ते केवळ मध्यरात्रीच्या जागरणाने आणि संकल्पाच्या सरावाने. मोठ्या मात्रेच्या यशाचा एक-तृतीयांश भाग अशा रीतीने विनामूल्य आहे. शिवाय हे सहभागी मुळातच स्वप्ने उत्तम आठवणारे व या विषयाची आवड असणारे होते. सर्वसामान्य ग्राहकाला हेच प्रमाण मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. मळमळणे, हृदयाची गती मंदावणे हे या औषधाचे दुष्परिणाम आहेत, ते वेगळेच.

नफा कोणाचा, तोटा कोणाचा?

विक्रेत्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक आहेत आणि ग्राहकाला नाहीत, अशा बाजारात स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करू शकत नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार ‘पूरक आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांना परिणामकारकतेचा पुरावा विक्रीपूर्वी सरकारपुढे ठेवावा लागत नाही. त्यामुळे एकच गॅलँटामाइन रुग्णाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते आणि स्वप्नांच्या शौकिनाला चिठ्ठीविना. काही सरकारांनी दुसरे टोक गाठले. लुईझियाना राज्याने 2005 मध्ये आणि पोलंडने 2009 मध्ये ‘कडू गवता’वर बंदी घातली. मोकाट विक्री आणि सरसकट बंदी या दोहोंच्या मधला मार्ग, म्हणजे तपासणी, मात्रेची नोंद आणि दुष्परिणामांची स्पष्ट सूचना, हा कष्टाचा असल्यामुळे मागे पडतो.

ज्ञान ज्यांचे, त्यांचे काय? हळदीच्या जखम भरून काढणाऱ्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढा देऊन ते 1997 मध्ये रद्द करविले. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी भूक मारण्यासाठी वापरलेल्या हुडिया वनस्पतीचेही पेटंट झाले. 2003 च्या करारान्वये स्वामित्वशुल्काचा 6 टक्के वाटा त्यांना कबूल करण्यात आला. पुढे बड्या कंपन्यांनी त्या उद्योगातून अंग काढून घेतले आणि मोठ्या उत्पन्नाची आशा मावळली. पेटंट अर्जात जनुकीय स्रोत व त्याच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान कोठून आले हे सांगणे बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय करार 2024 मध्ये जिनिव्हात संमत झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु येथे एक पेच आहे. खोसांची मुळी वाळवून, कुटून पाकिटात भरण्यास पेटंट लागतच नाही. जेथे अर्जच नाही, तेथे स्रोत सांगण्याचे बंधन कोणावर घालणार? म्हणून वाटा मागावयाचा तो पेटंटाच्या दारात नव्हे, तर व्यापाराच्या नाक्यावर, निर्यातीच्या परवान्यात मागितला पाहिजे.

मुळीच्या व्यापाराला आणखी एक बाजू आहे. पान खुडले तर झाड उरते. मुळी उपटली की रोप संपते. शांत झोपेसाठी प्रसिद्ध असलेल्या हिमालयातील जटामांसीची आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणना होते. गावच्या भगताची गरज चार मुळ्यांची असते. जगाच्या बाजाराची गरज कधी भागत नाही.

सर्वांत स्वस्त मार्ग

स्वप्नावस्थेचे सर्वांत दीर्घ टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे येतात. पहाटेची गाडी गाठणारा कारकून, परीक्षेसाठी जागणारा विद्यार्थी, रात्रपाळीचा कामगार यांची झोप तुटते ती नेमकी या भागात. ज्याला ‘स्वप्नेच पडत नाहीत’ असे वाटते, त्याच्या शरीरात बहुधा कोणत्याही मुळीची उणीव नसते. उणीव असते ती दीड-दोन तासांच्या झोपेची. पुरेशी झोप, उशाशी एक वही आणि जाग येताच स्वप्न टिपून ठेवण्याची सवय, यांची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यांत विकण्याजोगे काही नाही.

खोसा भगताच्या मुळीमागे उपवास आहे, गुरू आहे, ऐकून घेणारा समाज आहे. पाकिटात यांपैकी काहीच भरता येत नाही. माणसाच्या वेळापैकी विक्रीबाहेर राहिलेला मोठा भाग म्हणजे झोप. आधी कामाच्या तासांनी ती कुरतडावयाची आणि मग तिच्यातील स्वप्ने त्याच माणसाला किंमत घेऊन परत करावयाची, हा व्यवहार ग्राहकाच्या हिताचा नाही. कोणतेही पाकीट फोडण्यापूर्वी हा हिशेब ज्याने त्याने मांडून पाहावा.