शिवणयंत्र कोणाच्या हाती सोपवावे?

घर बदलायचे ठरले की सामानाची यादी होते. कपाटे, पलंग, भांडी, जुन्या चोपड्या यांना क्रमांक मिळतात आणि मग दृष्टी एका कोपऱ्यावर येऊन थांबते. तेथे आजींचे पायाने चालवायचे शिवणयंत्र असते. सांगलीच्या गणपती पेठेतील घर आवरून पुण्याला निघालेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलगा म्हणतो, "सामान हलवणारे सगळे नीट बांधतात, आई. तुम्ही काळजी करू नका." आजी काही बोलत नाहीत, यंत्रावरचे कापड तेवढे पुन्हा सारखे करतात. ते मौन हट्टाचे नसते. पेढीवर मंदी आली तेव्हा याच यंत्रावर शिवलेल्या परकर-झबल्यांनी घरखर्च निभावलेला असतो आणि त्याची वाच्यता घराबाहेर कधी झालेली नसते.

आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचे पेटंट १८५१ साली मिळाले. यंत्रयुगाकडे संशयाने पाहणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली या यंत्राला अपवाद मानले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट वाचावेत या मायेतून ते जन्मले, अशी त्यांची धारणा होती. अनेक घरांत ते यंत्र असेच मायेचे धन होऊन राहिले आहे. बाजारात मात्र जुन्या यंत्राला फारशी किंमत येत नाही. बाजार जिचे मोल करीत नाही, ती वस्तू परक्या हाती द्यावी काय, हा खरा पेच आहे.

यंत्र कोठे मोडते?

जुन्या यंत्राचे शिर आणि खालची पायांची चौकट बिडाची असते. बीड भार पेलते, आघात सोसत नाही. पोलाद वाकते, बीड तडकते. आणि तडकलेल्या बिडाला जोड देणे सोपे नसते. शिर लाकडी फळीला मागच्या बाजूने केवळ दोन बिजागऱ्यांनी जोडलेले असते. ट्रक खड्ड्यात आदळला की त्या वजनदार शिराचा सारा हिसका बिजागऱ्यांवर येतो. शिवाय घाईतील हमाल हाताशी येणारे उजवीकडचे चाक धरून यंत्र उचलतो, आणि आतला दांडा वाकण्याचा धोका निर्माण होतो.

म्हणूनच यंत्र अखंड पाठवू नये. शिर व चौकट वेगळी करावीत. प्रथम पट्टा उतरवावा, मग तो चामड्याच्या वादीचा असो वा रबरी. सुई, बॉबिन आणि बॉबिनची डबी काढून एका पिशवीत ठेवावी. कापड दाबणाऱ्या पायाखाली मऊ कापडाची घडी घालून तो खाली सोडावा. शिर मागे कलते करून बिजागऱ्यांचे स्क्रू सैल केले की ते उचलून घेता येते. मात्र हे काम दोघांनी करावे. शिर सुती चादरीत गुंडाळून, उभे ठेवून, कुटुंबाच्या मोटारीत सोबत न्यावे. तशी सोय नसेल तर त्याच्या मापाचे लाकडी खोके करून घ्यावे. चौकट, फळी आणि रिकामे केलेले खण सामानाच्या गाडीत जाऊ द्यावेत.

पत आणि बिल्टी

उधारी देण्यापूर्वी व्यापारी गिऱ्हाइकाची पत पाहतो. सामान हलवणाऱ्यांचीही पाहावी. यंत्र दाखवून एकच प्रश्न विचारावा : "हे कसे न्याल?" "काही होत नाही, आहे तसे उचलू" असे म्हणणाऱ्यापेक्षा खाली वाकून बिजागऱ्या पाहणारा अधिक भरवशाचा. गाडी स्वतंत्र असेल की वाटेत इतरांचा माल चढेल, गोदामात सामान उतरवून दुसऱ्या गाडीत भरणार काय, गाडी त्यांची की दुसऱ्याची, हेही विचारावे.

दुकानाचा माल बिल्टीशिवाय न पाठवणारी घरे स्वतःचा संसार मात्र तोंडी शब्दावर पाठवतात. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्यानुसार सार्वजनिक वाहकाने नोंदणी केलेली असणे आवश्यक आहे. मालाचे अधिक मूल्य लेखी जाहीर करून वाढीव जोखीमदर दिला नसेल, तर वाहकाची भरपाईची जबाबदारी मर्यादित राहते. दावा करायचा झाल्यास नोंदणीच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा यादीत केवळ 'शिवणयंत्र, १ नग' असे न लिहिता बनावट, अनुक्रमांक आणि मूल्य लिहावे. आदल्या दिवशी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. पोचपावतीवर सही करण्यापूर्वी खोके उघडून पाहावे आणि नुकसान दिसल्यास त्याच पावतीवर नोंदवावे.

विम्याविषयीही भ्रम नसावा. विमा रुपये देतो. यंत्राची जागा दुसरे यंत्र घेत नाही. म्हणून ज्याची भरपाई होऊ शकते ते परक्या हाती द्यावे, ज्याची होऊ शकत नाही ते आपण वाहावे. यात कोणावर अविश्वास नाही. हमालाच्या माथ्यावर तरी न पेलणारी जोखीम का टाकावी?

पुण्याला पोचल्यावर लगेच पायटा मारू नये. शिर बसवून तेलाचे दोन-चार थेंब द्यावेत, चाक हाताने सावकाश फिरवावे, मग चिंधीवर एक शिवण घालून पाहावी. ती शिवण आजींनाच घालू द्यावी. आणि बिजागऱ्यांचे स्क्रू कसे सोडवले नि पुन्हा कसे बसवले, हे नातवंडांनी जवळ उभे राहून पाहिलेले असावे. घर पुन्हा बदलेल तेव्हा ते काम त्यांनाच करायचे आहे.