सुप्याचा बाजार आणि सावकाराची वही

एकीकडे एक बलाढ्य खेळाडू, समोर शेकडो चिल्लर. गेम थिअरीवाले हा डाव फळ्यावर मांडतात, बारामतीच्या सुप्यात (पारनेरचं सुपे वेगळं, गल्लत नको!) तो १२ मे १८७५ ला भर बाजारात रंगला. कुणब्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जखतं हिसकावली आणि पेटवली. 'दख्खनचे दंगे' सुरू झाले ते इथून.

थोरला आधी चाल करतो आणि धाकटे काय करतील हे हिशोबात धरूनच करतो, हे हाइनरिख फॉन स्टाकेलबर्गने १९३४ मध्ये लिहिलं. सावकाराला ते आधीच तोंडपाठ! १८५९ च्या कायद्यानुसार कर्जखताची मुदत तीन वर्षं. हेतू असा, की कुळावर व्याजाचा डोंगर चढू नये. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत, थकलेलं व्याज मुदलात. कायदा कुळासाठी, मलई सावकाराला. एकट्याने अंगठा नाकारावा, तर पेरणीला पैसा कुठून? त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाची तेजी ओसरली, उधारी आटली. सारा मात्र वाढला.

मिलनर आणि शॅप्ली या गणितज्ञांनी असल्या डावांना 'सागरी खेळ' म्हटलं. मूठभर बडे, बाकी अथांग समुद्र. एका थेंबाने कुणाचं काही बिघडत नाही.

मग सगळे थेंब एकाच दिवशी कसे उसळले? थॉमस शेलिंगचा (नोबेल २००५) गाजलेला प्रश्न: न्यूयॉर्कमध्ये कुणाला भेटायचंय, पण जागा-वेळ ठरलेली नाही, जाल कुठे? बहुतेकांचं उत्तर ग्रँड सेंट्रल स्टेशन, दुपारी बारा. सुप्याला स्टेशन लागलं नाही. बुधवार होता, बाजार होता. चार गावचे लोक येणारच आणि आपल्यासारखेच गांजलेले असणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

शिरूरकडच्या करड्याने त्याआधीच, १८७४ मध्ये, बिनआगीचा डाव टाकला होता: सावकारावर बहिष्कार. दुकानात गिऱ्हाईक नाही, शेतात मजूर नाही, न्हावी-परीट-चांभारही नाहीत. मला हाच डाव जास्त बिलंदर वाटतो.

दंग्यांत ९५१ जणांना अटक झाली. पण खतं मुकाट्याने दिली तिथे सावकाराला बहुधा हात लागला नाही. राग कागदावर होता. १८७९ च्या कायद्याने तोच कागद उलटून पाहिला: खतात काहीही लिहिलेलं असो, मूळ रक्कम किती, हे न्यायाधीश तपासू लागले.