गरीबखाना ते शुश्रूषागृह

काउंटी गरीबखाना : अमेरिकेत काउंटीच्या, म्हणजे साधारणपणे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, करातून चालणाऱ्या या निवाऱ्याचे मूळ इंग्लंडच्या १६०१ च्या दरिद्री कायद्यात असून, न्यूयॉर्क राज्याने १८२४ मध्ये बहुतेक काउंट्यांसाठी तो कायद्याने बंधनकारक केला. वृद्ध, अनाथ, अपंग आणि मनोरुग्ण तेथे एकाच छपराखाली राहत. अंगात बळ असलेल्यांना संस्थेच्या शेतावर बटाटे काढावे लागत, गाईंच्या धारा काढाव्या लागत, आणि मृतांच्या थडग्यांवर पुष्कळ ठिकाणी नावाऐवजी केवळ क्रमांक कोरला जाई.

स्थित्यंतर : मुले अनाथालयांत आणि मनोरुग्ण राज्याच्या रुग्णालयांत गेल्यावर मागे मुख्यतः आजारी वृद्ध उरले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरजू वृद्धांना रोख साहाय्य दिले, मात्र सार्वजनिक संस्थांतील रहिवाशांना त्यातून वगळले, त्यामुळे खासगी शुश्रूषागृहे वाढली. १९५० च्या दुरुस्तीने सार्वजनिक वैद्यकीय संस्थांतील वृद्धांनाही ते खुले झाले आणि अनेक काउंट्यांनी आपल्या गरीबखान्यांना शुश्रूषागृहाचे रूप दिले.

मेडिकेअर आणि मेडिकेड : दोन्ही योजना १९६५ च्या, पहिली प्रामुख्याने वृद्धांचा रुग्णालयीन व वैद्यकीय खर्च उचलते, तर शुश्रूषागृहातील दीर्घ वास्तव्याचा भार अल्प उत्पन्न गटासाठीची दुसरी योजना वाहते.

उदाहरण : सॅन फ्रान्सिस्कोतील लगूना होंडा ही संस्था १८६० च्या दशकात गरीबखाना म्हणून सुरू झाली.