गेजच्या पोटातलं घड्याळ

बीड-परळी रस्त्यावरचं तेलगाव धारूर तालुक्यात येतं. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना इथलाच. साखर कारखाना कुठलाही असो, गळीत हंगाम संपला की यंत्रं उघडली जातात आणि झिजलेले भाग बाजूला पडतात. ऊस वाहून नेणाऱ्या केन कॅरियरची दातेरी चाकं, बेअरिंगच्या कड्या, व्हॉल्व्हच्या मुठी, बंद पडलेले प्रेशर गेज. त्यांची पुढची वाट ठरलेली असते: लिलाव, भंगाराचं दुकान, भट्टी.

यातल्या काही वस्तू भट्टीआधीच अडवायला हव्यात. त्यात पहिला मान गेजचा, कारण घड्याळाचं घर होण्यासाठी लागणारं सगळं त्याच्याकडे आधीच असतं: गोल डबी, काच, काच धरणारी कड आणि आकड्यांची तबकडी.

पॅरिसच्या युजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये या गेजचं पेटंट घेतलं. आत चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. वाफेचा दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाची ती एवढीशी हालचाल छोटे दाते मोठी करून काट्यापर्यंत पोहोचवतात. नळी थकली की काटा खोटं बोलू लागतो आणि गेज बदलावा लागतो. डबी मात्र शाबूत असते. नळी आणि दाते काढले की बाजारात मिळणारं साधं क्वार्ट्झ मशीन आत बसतं. ते साधारण ५६ मिलिमीटर चौरस असतं, तर मोठ्या गेजची तबकडी १०० किंवा १५० मिलिमीटरची. उसाचा पाक आटवणाऱ्या पॅनवरचा व्हॅक्यूम गेज मिळाला तर फारच छान. त्याच्या तबकडीवर शून्यापासून ७६० पर्यंत आकडे असतात. ते खोडू नयेत. त्यांच्या बाहेरच्या कडेने तासांच्या बारा बारीक खुणा कराव्यात.

खुणा करायला शाळेतला कंपास पुरतो. वर्तुळाच्या त्रिज्येइतकं अंतर परिघावर टाकत गेलं की बरोबर सहा भाग पडतात. प्रत्येकाचा मध्य काढला की बारा, म्हणजे दर ३० अंशांवर एक तास. गेजऐवजी दातेरी चाक वापरायचं असेल तर आधी दाते मोजावेत. २४, ३६ किंवा ४८ दाते असतील तर तास आपोआप दात्यांवर येतात. साठ दात्यांचं चाक हाती लागलं तर एक दाता एक मिनिट! चाकाच्या मधलं भोक मोठं असतं, तिथे मागून पत्र्याची चकती बसवावी लागते. साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्रातली बारीक छिद्रांची जुनी जाळी या जागी फार देखणी दिसते.

मशीनचं काम थोडक्यात असं. बॅटरीवर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो, तोच सेकंदाचा ठोका. तो ठोका देणाऱ्या चिमुकल्या मोटरची ताकद मात्र अगदी थोडी. म्हणून हौसेने लोखंडी पट्टीचे काटे बनवू नयेत. ॲल्युमिनियमचे हलके काटेच घ्यावेत. मशीनचा दांडा तबकडीच्या जाडीपेक्षा लांब हवा, आणि डबीजवळ जोरदार चुंबक नको.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ३० सेंटिमीटर व्यासाची, एक सेंटिमीटर जाड पोलादी चकती साडेपाच किलोंच्या आसपास भरते. तिला साधा खिळा पेलणार नाही. भिंतीत अँकर बोल्टच हवा.

भंगार निवडताना धोकाही ओळखावा. जुन्या क्लच-प्लेटच्या अस्तरात आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या रंगात शिसं. असे भाग कोरडे घासू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसात जाते. जाड शिशाचं आवरण असलेल्या किंवा तीन पात्यांचं किरणोत्साराचं चिन्ह असलेल्या वस्तूला तर हातच लावू नये. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव गेला होता.

साफसफाई मात्र बेताची करावी. रॉकेल, तारेचा ब्रश आणि शेवटी तेलाचा पातळ हात एवढं पुरे. चकाचक रंग मारला की कारखान्यातली वस्तू दुकानातल्या शोभेच्या वस्तूसारखी दिसते आणि सगळी मेहनत वाया जाते. वाईजवळच्या मेणवलीची घंटा यासाठी पाहावी. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आजही स्पष्ट दिसते. कुणी ती घासून काढली नाही. जुन्या धातूला नवं काम दिलं, पण त्याची ओळख राहू दिली.

भंगाराच्या दुकानातून सुटा भाग विकत घेताना पावती घ्या आणि तो कुठल्या यंत्राचा, हे विचारून ठेवा. घड्याळ तयार झालं की मागच्या बाजूला पक्क्या शाईने लिहा: कारखाना, यंत्र, हंगामाचं साल. भिंतीवरून ते कधी उतरवलं, तर घरातल्या पोरांना ते वाचता येईल.