कसाऱ्याला पिल्सनर का झाली नाही?

कसारा घाटाच्या काळ्या कातळावर पडणारा पाऊस वैतरणा आणि भातसेच्या खोऱ्यांत उतरतो आणि पुढे जलवाहिन्यांतून मुंबईच्या नळांना येतो. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ पासून हे काम करत आहे; आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. हे पाणी मऊ आहे. त्याचे कारण भूगर्भात सापडते. बेसाल्ट हा सिलिकेटांचा खडक आहे, त्यात चुनखडीसारखे किंवा जिप्समसारखे सहज विरघळणारे थर नाहीत. शिवाय पावसाचे पाणी दगडाशी फार वेळ न रेंगाळता जलाशयात येऊन पडते. त्याच परिसरातल्या बोअरवेलचे पाणी मात्र वर्षानुवर्षे भेगांत मुरलेले असते, म्हणून ते जड लागते. आता नकाशावर चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहराकडे पाहा. तिथले पाणीही असेच मऊ, लिटरमागे जेमतेम ७ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियमचे. त्या पाण्यातून १८४२ साली जी फिकट सोनेरी बिअर, म्हणजे पिल्सनर, निघाली, तिच्या नकला आज जगभर सर्वाधिक खपतात. जगातल्या नामांकित बिअरशैली त्या त्या गावच्या पाण्याने घडवल्या, असे या विषयावरची पुस्तके ठामपणे सांगतात. हे पूर्ण खरे असेल, तर मऊ पाण्याच्या कसाऱ्यालाही आपली पिल्सनर हवी होती. ती झाली नाही. न घडलेली ही गोष्ट त्या सिद्धान्ताची चांगली परीक्षा घेते.

आधी सिद्धान्ताची बाजू पाहू, कारण तिच्यात रसायनशास्त्र पक्के आहे. बिअर म्हणजे आंबवलेले धान्य. बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळवली की माल्ट तयार होते. हे माल्ट भरडून ६२ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवले की मोडात तयार झालेली विकरे स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. या विकरांना सामू, म्हणजे पीएच, सुमारे ५.२ ते ५.६ असा किंचित आम्ल लागतो. पाण्यातले कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी संयोग पावते, त्यातून आम्लता वाढते आणि सामू खाली येतो. बायकार्बोनेट नेमके उलटे करते: आम्ल गिळते आणि सामू वर ठेवते. सामू चढला की विकरे मंदावतात, साखर कमी मिळते आणि टरफलातली तुरट द्रव्ये पाण्यात उतरतात. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे पाण्यातले क्षार स्वयंपाकाचा निकाल बदलतात हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. गंमत अशी की सामू मोजण्याची ही मोजपट्टीच बिअरच्या कारखान्यातून आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन यांनी ती १९०९ मध्ये मांडली. त्याआधीच्या शेकडो वर्षांत बहुतेक काळ बिअर करणाऱ्यांकडे सामू जोखायला जीभ आणि अनुभव एवढीच साधने होती.

त्या साधनांनी त्यांनी काय शोधले, ते पाच शहरांवरून कळते. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरी जिप्समच्या थरांतून भरतात. तिथे लिटरमागे कॅल्शियम २५० मिलिग्रॅमच्या वर आणि सल्फेट ६०० च्या वर जाते. भरपूर कॅल्शियममुळे फिकट माल्टलाही योग्य सामू मिळतो आणि सल्फेटमुळे हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांचा कडूपणा कोरडा, धारदार लागतो. म्हणून बर्टन पेल एल या फिकट, कडवट बिअरचे माहेर झाले. लंडन आणि डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. तिथे फिकट माल्ट नीट वागत नाही, पण काळपट भाजलेले माल्ट स्वतः आम्ल असते आणि पाण्याची क्षारता मारून टाकते. लंडनचे पोर्टर आणि डब्लिनचे स्टाउट काळे होण्यामागे हे कारण दिले जाते. म्युनिकच्या कार्बोनेटयुक्त पाण्यातून तपकिरी डुंकेल आली. आणि पिल्सेनच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने सर्वात फिकट माल्टही तिथे जमले. मऊ पाण्यात हॉप्सचा कडूपणा बोचरा न होता गोलसर राहिला. पिल्सेनच्या नागरिकांनी १८३८ मध्ये खराब बिअरची पिंपे भर चौकात ओतून दिली होती. त्यानंतर उभारलेल्या नव्या कारखान्यात बव्हेरियाहून आणलेल्या जोसेफ ग्रोल यांनी इंग्रजी पद्धतीने वाळवलेले फिकट माल्ट, जवळच्या झाटेक भागातले हॉप्स आणि थंडीत आंबणारे यीस्ट एकत्र आणले. पाणी तर तिथे होतेच.

इथवर सगळे जुळते, आणि जुळते म्हणूनच शंका घ्यायला हवी. पहिली शंका इतिहासाची आहे. लंडनने पोर्टरच्या जोडीने फिकट एलही केली आणि विकली. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात आज वापरले जाणारे पाणी विकलो पर्वतांतून येते आणि ते मऊ असते, तरी स्टाउट काळेच आहे. पाणी उकळले की त्यातले बायकार्बोनेट कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने तळाशी बसते. बोअरचे पाणी तापवणाऱ्या पातेल्यात धरणारा पांढरा थर तो हाच. जुन्या काळचे बिअर करणारेही पाणी आधी उकळून घेत, म्हणजे विहिरीत जे होते तेच पिंपात गेले असे धरता येत नाही. दुसरी शंका आजच्या तंत्रज्ञानाची आहे. आता आरओने कोणतेही पाणी कोरे करता येते आणि हवे ते क्षार तोलून घालता येतात. पुण्यात २००९ मध्ये डूलाली हा छोटा बिअर कारखाना सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात ज्या मायक्रोब्रुअरी निघाल्या, त्यांत एकाच शहराच्या पाण्यावर गव्हाची बिअर, स्टाउट आणि पेल एल शेजारी शेजारी उभ्या राहतात. मग पाण्याचे महत्त्व उरले कुठे?

दोन्ही शंका रास्त आहेत, पण त्या सिद्धान्त मोडत नाहीत. त्याची हद्द आखून देतात. पेल एलसाठी पाण्यात जिप्सम घालण्याला इंग्रज रसायनज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच बर्टनचे नाव दिले. म्हणजे आरओच्या कोऱ्या पाण्यात क्षार टाकणारा आजचा माणूसही पिशवीतून बर्टनच टाकत असतो. पूर्वी पाणी बदलणे अशक्य नव्हते, महाग होते: जळण लागे, वेळ लागे. पाण्याने शैली जन्माला घातली असे म्हणण्यापेक्षा पाण्याने काही शैली स्वस्त केल्या आणि काही महाग, असे म्हटले तर पुरावा जुळतो. पाण्याकडे नकाराधिकार होता, आदेश देण्याचा अधिकार नव्हता. कसाऱ्याच्या पाण्याने पिल्सनरला कधीच नकार दिला नसता. तो नकार दुसरीकडून आला असणार.

पहिला नकार उष्णतेचा. पिल्सनर ज्या यीस्टने आंबते ते सॅकरोमायसिस पास्टोरियानस हे संकरित आहे: एक पालक नेहमीचे पावाचे-बिअरचे यीस्ट, दुसरा थंडी सोसणारे सॅकरोमायसिस युबायानस. हा दुसरा पालक २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे जाहीर झाले, तोवर तो अज्ञातच होता. हे संकरित यीस्ट ८ ते १२ अंशांत काम करते आणि त्यानंतर बिअरला कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरवावे लागते. बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावर बंदी आली, ती उन्हाळ्यात बिअर नासते या अनुभवावरून. त्या बंदीमुळे थंडीतले यीस्टच टिकून राहिले आणि तळघरात बर्फ साठवण्याची रीत पडली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र म्युनिकच्या स्पाटेन कारखान्यात बसले, तेव्हा कुठे ऋतूचे हे बंधन सुटले. याउलट गव्हाची बव्हेरियन बिअर २० अंशांच्या आसपास आंबते आणि तिचे यीस्ट लवंगेचा व केळ्याचा वास देणारी द्रव्ये तयार करते; तापमानाने शैली कशी बदलते याचा तो नमुना. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात थंडीतल्या रात्रीही यीस्टसाठी आठ अंश सलग टिकत नाहीत. बर्फाचे तळघर हा तर प्रश्नच नाही.

तरीही नुसत्या उष्णतेने सगळे उत्तर मिळत नाही, कारण उष्ण प्रदेशांतही धान्याच्या बिअर आहेत. युगांडात नाचणीची बिअर करतात. पूर्व भारतातली हंडिया तांदळाची. कसाऱ्याच्या वरकस जमिनीवर नागली, म्हणजे नाचणीच, पिकते, खाली भात पिकतो. नागलीला मोड आणले की स्टार्च फोडणारी विकरे चांगली तयार होतात हेही ठाऊक आहे. मग या पट्ट्याची ओळख धान्याच्या पेयाने का झाली नाही? मला वाटते, याचे उत्तर मोहाच्या झाडाखाली आहे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुले गळतात आणि कातकरी, ठाकूर, महादेव कोळी बायामुले ती वेचून उन्हात सुकवतात. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. ती तयार साखर आहे: मोड आणणे नको, वाळवणे-भरडणे नको, तासभर तापमान सांभाळणे नको. पाण्यात भिजवा, काही दिवस आंबू द्या, की भट्टी लावून पहिल्या धारेची दारू निघते. ताडी आणि शिंदीचा रस तर झाडावरून उतरतानाच आंबायला लागतो. बिअर ही मुळात स्टार्चमध्ये कोंडलेल्या साखरेवर काढलेला उपाय आहे. तो त्रास घेणे उत्तर युरोपच्या शेतकऱ्याला भाग होते, कारण त्याच्याकडे द्राक्ष नव्हते आणि मोहही नव्हता. शिवाय नागली आणि भात हे इथे पोटाचे धान्य; ते पेयासाठी मोडायचे आणि फुले जमिनीवर पडून राहू द्यायची, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तिसरा नकार कायद्याचा, आणि कायदा दोन्ही दिशांनी काम करतो. बिअरशैलींच्या इतिहासात कायदा, कर आणि बाजारपेठ हे पाण्याइतकेच मोठे कारागीर आहेत. बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमाने बार्ली, हॉप्स आणि पाण्यावर बिअर बांधली. जपानमध्ये माल्टच्या प्रमाणावर कर असल्याने १९९० च्या दशकात कमी माल्टची हॅप्पोशू ही वेगळीच जात निघाली. इंडिया पेल एलबाबतही समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ती मुद्दाम कडक केली, अशी कथा सांगतात. पण त्याच जहाजांतून पोर्टरही हिंदुस्थानात येऊन प्यायले जात होते. लंडनच्या हॉजसन या बिअर कारखानदाराने जहाजांच्या कप्तानांना दिलेली उधारी आणि १८२० च्या दशकात बर्टनच्या कारखानदारांनी धरलेली हिंदुस्थानची बाजारपेठ यांचा त्यात वाटा मोठा होता. कसाऱ्याच्या ठाणे जिल्ह्यात मात्र कायदा उलट दिशेने आला. मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा १८९२ चा कायदा यांनी घरोघरचे आंबवणे गुन्ह्यात ढकलले. ज्या कृतीवर धाड पडते ती कृती लोक लपवतात, घाईने उरकतात. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या सुधारणा होत नाहीत आणि तिला नावाजलेली शैली होता येत नाही. पिल्सेनच्या लोकांना खराब बिअर भर चौकात ओतून नवा कारखाना काढता आला. इथल्या माणसाला तो चौकच नव्हता.

यावर कोणी म्हणेल की शैलीला इतक्या अटी जोडल्या तर सिद्धान्त काहीच सांगत नाही. काहीही घडले तरी मागाहून कारण देता येईल. म्हणून भाकीत करून पाहू. या अटी खऱ्या असतील, तर कसाऱ्याच्या पट्ट्यात उद्या परवान्याने एखादी स्थानिक बिअर निघालीच तर ती कशी असावी? पाण्यात सल्फेट कमी म्हणून कडूपणा सौम्य. क्षारता कमी म्हणून माल्ट फिकट चालेल, काळ्या माल्टला मात्र चुना किंवा सोडा घालावा लागेल. बार्लीत नागलीचे माल्ट मिसळलेले. यीस्ट उष्णता सोसणारे. नॉर्वेच्या शेतघरांतले क्वेइक यीस्ट ३० अंशांच्या वरही नीट आंबते, म्हणजे अशी यीस्ट उपलब्ध आहेत. पिल्सनरची नक्कल इथे शक्य असेल, पण ती विजेच्या बिलावर चालेल. या वर्णनाच्या विरुद्ध जाणारी, जिप्सम घातलेली कडवट पेल एलच इथे स्वस्तात रुजली, तर माझा युक्तिवाद चुकला असे खुशाल समजावे.

राहिला पाण्याचा शेवटचा गुण, जो कोणत्याही रासायनिक तक्त्यात येत नाही: ते आहे किती आणि कोणाचे. लिटरभर बिअरला चांगल्या कारखान्यातही धुण्या-थंड करण्यासकट कित्येक लिटर पाणी लागते. दुष्काळाच्या २०१६ साली मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला, तो याच हिशेबावर. शहापूर तालुक्यात धरणे भरलेली असताना एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते, हे दरवर्षीचे आहे. म्हणून इथल्या बिअरला हंगाम असेल तर तो दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. बव्हेरियाने उन्हाळ्यात बिअर बंद ठेवली ती उष्णतेमुळे. कसाऱ्याला ती बंद ठेवावी लागेल पिण्याच्या पाण्यासाठी. आणि ती अट झुगारून बारा महिने चालणारा कारखाना इथे उभा राहिला, तर त्याची बिअर कितीही मऊ पाण्याची असली तरी तिला कसाऱ्याची म्हणता येणार नाही.