डब्लिनची मॉली मावशी

माय मरो पण मावशी जगो, ही आपली म्हण अमेरिकेतल्या एका जुन्या टीव्ही मालिकेला तंतोतंत लागू पडते. ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ ही एबीसी वाहिनीची वेस्टर्न मालिका 1977 ते 1979 या काळात चालली. नव्या मुलखात जम बसवू पाहणारं मॅकॅहन कुटुंब हा तिचा विषय. या घरातली आई, केट, मरण पावते आणि तिच्या चार मुलांची जबाबदारी दोघांवर येते: डोंगरदऱ्यांत आयुष्य काढलेला काका झेब आणि बोस्टनहून आलेली मावशी मॉली कल्हेन. काकाचं काम सहा फूट सात इंच उंचीच्या जेम्स आर्नेसने केलं. वीस वर्षं ‘गनस्मोक’चा मार्शल म्हणून घराघरांत पोचलेला हा नट. त्याच्या शेजारी उभं राहून आपली जागा राखणं सोपं नव्हतं. ती राखली डब्लिनच्या फिनूला फ्लॅनगनने.

वेस्टर्न हा मुळात पुरुषांचा प्रांत. घोडे, बंदुका, गुरांचे कळप, सूड. बाईच्या वाट्याला दोनच जागा यायच्या: दारूच्या गुत्त्यात, नाहीतर खिडकीशी वाट बघत. पडद्यावर आयर्लंडच्याच मॉरीन ओहाराने यात बदल घडवला होता. 1950च्या ‘रिओ ग्रांदे’पासून जॉन वेनसमोर तोडीस तोड उभी राहणारी ही लाल केसांची बाई डब्लिनचीच, ॲबी थिएटरमध्ये घडलेली. पण तो सिनेमा होता, आणि ती नायिका होती. टीव्हीवर ‘गनस्मोक’मध्ये अमांडा ब्लेकची मिस किटी एकोणीस वर्षं राहिली, तीही गुत्त्याची मालकीण म्हणूनच. मॉली मावशी या दोन्हींत बसत नाही. ती तरुण नायिका नाही आणि कुणाची प्रेयसी म्हणून कथेत आलेली नाही. शहरात वाढलेली, शिस्तीची, मनातून धास्तावलेली पण पाय रोवून उभी राहणारी अशी ती प्रौढ बाई आहे. या भूमिकेसाठी 1978 साली फिनूलाला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं, तेही नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीच्या गटात. दोन वर्षं आधी ‘रिच मॅन, पुअर मॅन’मधल्या क्लोटिल्ड या मोलकरणीच्या छोट्या भूमिकेसाठी तिने एमी जिंकली होती. मला मात्र ते जिंकणं कमी आणि हे नामांकन मोठं वाटतं. वेस्टर्नमधल्या एका मावशीला प्रमुख भूमिकेचा मान मिळावा, हे त्या प्रकारात फार घडलेलं नाही.

ही बाई आली कुठून, ते पाहण्यासारखं आहे.

जन्म 10 डिसेंबर 1941, डब्लिन. वडील टेरेन्स फ्लॅनगन सैन्यात अधिकारी आणि विचाराने कम्युनिस्ट. स्पेनच्या यादवी युद्धात ते फ्रँकोविरुद्ध आंतरराष्ट्रीय पलटणीतून लढले होते. आईवडिलांना आयरिश भाषा बोलता येत नव्हती, पण आपल्या पाचही मुलांना ती आलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. त्यामुळे फिनूला दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वाढली. शिक्षणासाठी स्वित्झर्लंड आणि इंग्लंड, मग अभिनयाचे धडे ॲबी थिएटरमध्ये. ज्या भाषेत रोजचा व्यवहार करणारी माणसं घटत चालली होती, त्याच भाषेने या मुलीला पहिलं नाव मिळवून दिलं.

ते नाटक होतं मॉरेड नी घ्राडा यांचं ‘अन ट्रीअल’, म्हणजे खटला. लेखिका 1896 साली जन्मलेल्या, शिक्षिका, आयरिश रेडिओच्या सुरुवातीच्या काळातल्या निवेदिका. त्यांनी हे नाटक लिहिलं तेव्हा वय साठीच्या पुढे गेलेलं. 1964 साली डब्लिन नाट्यमहोत्सवात ते ‘अन डॅमर’मध्ये झालं. सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेलगतच्या युनिटेरियन चर्चखालचं हे छोटंसं नाट्यगृह आयरिश भाषेतल्या नाटकांचं हक्काचं घर होतं. तिथे तेवीस वर्षांच्या आतल्या फिनूलाने मॉरा नावाच्या मुलीची भूमिका केली.

गोष्ट अशी. खेड्यातली मॉरा एका विवाहित शाळामास्तरच्या प्रेमात पडते. त्याची बायको आजारी. त्याचं नाव मॉरा कुणालाही सांगत नाही. दिवस जातात. आईला मुलीपेक्षा गावाची भीती जास्त, भावांना आपल्या नावाची. मुलगी होते, पण मॉरा तिला दत्तक देत नाही. मिळेल ते काम करून ती तिला वाढवू पाहते. तिला आसरा देते ती शरीर विकणारी मेली. दरम्यान मास्तरची बायको वारते आणि तो दुसरीशी लग्न करून मोकळा होतो. शेवटी मॉरा गॅस सोडून मुलीला आणि स्वतःला संपवते. हे सगळं आपल्याला कळतं ते न्यायालयात. एकेक साक्षीदार येतो, माझा काय दोष म्हणतो आणि निघून जातो. मॉरा आधीच मेलेली असते आणि तरीही रंगमंचावर असते. निकाल प्रेक्षकांवर सोपवलेला असतो.

मराठी वाचकाला इथे लीला बेणारे आठवल्यावाचून राहणार नाही. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आलं 1967 साली, म्हणजे डब्लिननंतर तीनच वर्षांनी. तिथेही कुमारी माता, तिथेही खटल्याची चौकट, तिथेही आरोप करणारे सगळे प्रतिष्ठित आणि ज्याने जबाबदारी घ्यायची तो नामानिराळा. दोघांना एकमेकांची खबर असल्याचं मानण्याचं काही कारण नाही. एक कॅथलिक समाज, एक मुंबईतला मराठी मध्यमवर्ग. रोग तोच होता, म्हणून नाटकही तेच सुचलं. आपल्याकडे सुलभा देशपांडे यांनी बेणारेला जो आवाज दिला तो ऐकणाऱ्यांच्या कानातून गेलेला नाही. आयर्लंडला मॉराचा आवाज फिनूलाने दिला. फरक इतकाच की बेणारे जिवंत राहते आणि अखेरीला बोलते. मॉराला मेल्यावरच बोलू दिलं जातं.

टेलिफीश एरन, म्हणजे आयर्लंडचं सरकारी दूरचित्रवाणी केंद्र, तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचं होतं. त्याने हे नाटक प्रक्षेपित केलं आणि 1965 साली फिनूलाला जेकब्ज पुरस्कार मिळाला. टीव्हीच्या पडद्याशी तिचं नातं जुळलं ते असं, घोड्यांच्या आणि बंदुकांच्या कितीतरी आधी.

त्या देशाचा दुटप्पीपणा लवकरच तिच्या वाट्याला आला. 1967 साली जोसेफ स्ट्रिकने जॉइसच्या ‘युलिसिस’वर चित्रपट काढला. त्यात तिने गर्टी मॅकडॉवेल केली. चित्रपट डब्लिनचा, कादंबरी डब्लिनची, नटी डब्लिनची, आणि बंदी आयर्लंडमध्ये. ती उठली 2000 साली. तोवर तेहेतीस वर्षं गेली होती. 1968 साली ब्रायन फ्रीलच्या ‘लव्हर्स’मधून ती ब्रॉडवेवर उभी राहिली आणि अमेरिकेतच स्थिरावली.

1972 साली तिने ‘गनस्मोक’ आणि ‘बोनान्झा’ या दोन्ही मालिकांत एकेका भागात काम केलं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला आपल्या मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. ‘गनस्मोक’ तेव्हा सतरा वर्षं चालू होती. एकूण 635 भाग झाले तिचे. अशा मालिकेत पाहुण्या नटाला तासाभरात येऊन, ओळख पटवून, कथा संपवून जायचं असतं. तालमीला महिने मिळत नाहीत. नाटकातून आलेल्या नटांची इथे खरी परीक्षा होते: आवाज खाली आणावा लागतो, हात आवरावे लागतात, आणि तरी माणूस पुरा दिसावा लागतो. फिनूलाकडे ते कसब होतं. दोन भाषांत वाढल्यामुळे तिचा कान तयार होता, असं मला वाटतं. कुठला उच्चार कुठे घासायचा आणि कुठे सोडून द्यायचा हे तिला पक्कं ठाऊक आहे. बोस्टनहून आलेली मॉली पटते ती म्हणूनच. 1845च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश माणसं बोटीने अमेरिकेला गेली, त्यांतली असंख्य बोस्टनला उतरली. पश्चिमेकडे जाणाऱ्या युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांतही ती होती. मॉलीच्या बोलण्यात तो सगळा प्रवास आहे.

वेस्टर्नचा काळ संपला तशी ती संपली नाही. 1974 साली ‘युलिसिस इन नाइटटाउन’मधल्या मॉली ब्लूमसाठी टोनी नामांकन मिळालेलंच होतं. जॉइसच्या आयुष्यातल्या आणि लेखनातल्या बायकांवर तिने ‘जेम्स जॉइसेस विमेन’ हा प्रयोग उभा केला, 1985 साली त्याचा चित्रपट केला, आणि त्यातल्या बहुतेक बायका स्वतःच साकारल्या. पुढे ‘सम मदर्स सन’, ‘वेकिंग नेड’, मग ‘लॉस्ट’मधली एलोइज हॉकिंग.

‘द अदर्स’ (2001) मात्र थांबून पाहावा. 1945 साल, जर्सी बेट, धुक्यातला वाडा. मिसेस मिल्स माळ्याला आणि एका मुक्या मुलीला घेऊन कामाच्या शोधात दारात येते. निकोल किडमन तिला नियम सांगत घर दाखवते: एक दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. फिनूला ऐकते. फक्त ऐकते. मान किंचित कलती, ओठांवर आदब, आणि डोळ्यांत काहीतरी वेगळंच, की हे सगळं मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. पहिल्यांदा पाहताना ती मायाळू दाई वाटते. दुसऱ्यांदा पाहताना तिच्या प्रत्येक वाक्याचा दुसरा अर्थ लागतो, आणि दोन्ही वेळा ती खोटं बोललेली नसते. हे जमवायला मोठं बळ लागतं.

2018 साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ती जेझ बटरवर्थच्या ‘द फेरीमन’मध्ये पुन्हा ब्रॉडवेवर आली. खुर्चीत हरवून बसलेली, मधूनच भानावर येऊन जुन्या गोष्टी सांगणारी म्हातारी मॅगी. 2019 साली तिला पुन्हा टोनी नामांकन मिळालं, पहिल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी.

तिच्या मालिका जमल्या तर पाहाव्यातच. पण माझं मागणं मराठी रंगकर्मींकडे आहे. ‘अन ट्रीअल’चं इंग्रजी रूप ‘ऑन ट्रायल’ छापलेलं आहे. एखाद्या प्रायोगिक संस्थेने किंवा महाविद्यालयाच्या संघाने ते मराठीत आणावं, आणि ‘शांतता!’बरोबर लागोपाठच्या दोन संध्याकाळी करावं. मॉराच्या भूमिकेसाठी मुलगी निवडताना एवढंच पाहावं की तिला नीट ऐकता येतं.